चरबी सुकत नाय

बकरी ईद या वर्षी पुन्हा मे महिन्यात आली. आमचे सण चांदाबरोबर चालतात, म्हणून दर वर्षी ते दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात. माझं लग्न झालं त्या वर्षीही ईद अशीच मे संपता संपता आली होती. आंबे उतरत आलेले, करवंदं काळी झालेली, आणि दुपारनंतर पश्चिमेला ढगाचा एखादा तुकडा दिसू लागलेला. पुढे ती आंब्याच्या मोहरात गेली, मग थंडीत, मग भातकापणीत, मग गौरी-गणपतीच्या भर पावसात. तेहतीस वर्षं लागली तिला फिरून परत यायला. ज्या उन्हात मी पहिल्यांदा मटण सुकवलं ते ऊन पुन्हा मिळालं, आणि मी मात्र उन्हात काहीच घातलं नाही. मशीनमध्ये घातलं.

मशीन माझ्या मुलीने, शाहीनने आणलं. ती पेणला असते. तिच्या घरासमोर गणपतीचा कारखाना आहे, आणि या दिवसांत तिथे पांढरे गणपती रांगेने सुकत असतात. शेजारची बाई पोह्याचे पापड आणि मिरगुंडं गच्चीवर घालते. अख्खं पेण मे महिन्यात काही ना काही सुकवत असतं. पण आमच्या खांब गावातल्या घरापुढचं अंगण हायवे रुंद झाला तेव्हा गेलं. आता दारातून पाय बाहेर ठेवला की धूळ. ट्रक गेला की भांड्यावर थर बसतो. तिथे मटणाची माळ बांधायची म्हणजे मातीच खायची. म्हणून शाहीन म्हणाली, "अम्मा, मी मशीन आणते. पाच जाळ्या आहेत. बटण दाबायचं आणि झोपायचं. कावळे नाही, मांजर नाही, ढग नाही."

मी म्हटलं, "मग मी काय करू?"

"तू बस," ती म्हणाली. "बसायला शीक जरा."

हे सौदीत दम्मामला असतात. लग्नानंतर तीन महिन्यांनी गेले ते तिथलेच झाले. दोन वर्षांनी एकदा दोन महिने यायचे. बकरी ईदला हे घरी होते अशी वर्षं मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. या ईदला मात्र कायमचे येणार होते. रमजानमध्ये तसं स्वतः म्हणाले होते. मी खोलीला रंग लावून घेतला, यांच्या बाजूची खिडकी दुरुस्त करून घेतली. मग ईदच्या दोन आठवडे आधी फोनवर म्हणाले, "अजून एक वर्ष काढतो. कंपनी सोडत नाय. माझ्या खोलीतला हनीफभाई सुट्टीवर आलाय ना तिकडे, परत येताना त्याच्या हाती सुकं मटण दे. तुझ्या हातचं."

मी "हां" म्हटलं. मला फोनवर दुसरं काही सुचत नाही.

मशीनबरोबर एक छोटं पुस्तक आलं होतं, इंग्रजीत. शाहीनने ते ओट्याला टेकवून उभं केलं आणि मला मराठीत सांगू लागली. "पहिलंच लिहिलंय बघ. मांसावरची सगळी चरबी काढून टाका. चरबी सुकत नाही, ती खवट होते आणि बाकीचंही खराब करते."

सुरी माझ्या हातातच राहिली. मी हसले असेन, कारण ती म्हणाली, "हसतेस काय?"

"तुझी दादी बसलीय या मशीनमध्ये," मी म्हटलं.

तिला वाटलं मी थट्टा करते.

माझं माहेर पेणच्या खाडीकडचं. वडील मिठागरावर होते. आमच्याकडे मासळी सुकायची. बोंबील, मांदेली, करदी. मासळीला मीठ लावलं, बांबूवर टाकली, खाडीचा वारा लागला की काम झालं. मटण सुकवतात हे मी खांबला सून होऊन आले तेव्हा पाहिलं. सासूबाईंना मी अम्मी म्हणायची. लग्नात माहेरहून मिठाची गोण आली होती, जाडं, करडं मीठ. त्यावरून त्या मला कायम चिडवत. "आली बघा मीठवाली. सासरी सोनं आणतात, हिने खाडी आणली." पण ते मीठ दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. सुक्या मटणाला तेच मीठ हवं, असं त्याच सांगत.

त्या वर्षी कुर्बानीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी अंगणात बसलो. मटणाचे तीन हिस्से वाटून झालेले, घरच्या हिश्श्यातली मागची रान, म्हणजे मांडी, अम्मींनी मुद्दाम बाजूला काढलेली. हे आठ दिवसांनी जायचे होते. डबा यांच्यासोबत द्यायचा होता. अम्मी धाग्याच्या दिशेने लांब पट्ट्या कापत होत्या, बोटभर रुंद आणि अगदी पातळ. मीठ, हळद, लाल तिखट, आलं-लसूण, थोडा सिरका. मग दाभणात सुतळी घालून एकेक पट्टी ओवायची. गजऱ्यासारखी माळ होते. अम्मी एकदाच म्हणाल्या, "चरबी सगळी काढ गो. सुक्यात चरबी चालत नाय."

का चालत नाही, हे मी विचारलं नाही. मी कुणाला काहीच विचारत नसे. मला वाटलं, चरबी वितळवून घरात वापरायची असेल, काटकसर असेल. मासळीला असं काही काढावं लागत नाही.

आणि मला एक गोष्ट ठाऊक होती. तीन महिन्यांत मी यांच्याशी फार बोलले नव्हते. समोर आले की माझी मान आपोआप खाली जायची. पण मी यांचं ताट बघायची. हे चरबीचा तुकडा ताटाच्या कडेला सरकवून ठेवत आणि सगळं जेवण झाल्यावर शेवटी तो खात, हळू. पोरं गोड शेवटी खातात तसं. मी उष्टं ताट उचलायला जायची तेव्हा ती कडा तुपासारखी चकचकत असायची.

अम्मी अस्रच्या नमाजला आत गेल्या तेव्हा मी काढलेल्या चरबीतले चांगले चांगले तुकडे उचलले आणि पट्ट्यांच्या मधे ओवले. पट्टी, तुकडा, पट्टी. वरून मसाला चोळला. दिसत नव्हते. तिकडे परक्या मुलखात डबा उघडतील, पट्ट्या खाता खाता हाताला हा तुकडा लागेल, आणि यांना कळेल की कुणीतरी यांचं ताट बघत होतं. तोंडाने मी ते कधीच सांगू शकले नसते.

मग तीन दिवस राखण. हातात काळी चिंधी बांधलेली काठी, कावळा आला की हलवायची. माळांवर माझी जुनी ओढणी टाकलेली. तिला नंतर कितीही धुतली तरी मसाल्याचा वास राहिला, आणि मी तो जाऊही दिला नाही. दुपारी सगळीकडे शांत व्हायचं. कोलाडकडून एखादी एसटी यायची तिचा आवाज लांबूनच ऐकू यायचा. तेव्हा हायवे एवढासा होता. हे ओटीवर कागदपत्रं लावत बसायचे आणि मधेच म्हणायचे, "कावला बघ, कावला." कावळा नसायचाच. मी दचकून काठी हलवायची आणि हे आत तोंड करून हसायचे. आमच्या दोघांमधलं ते पहिलं बोलणं. कावळ्यावरचं.

तिसऱ्या दिवशी एकदम आभाळ भरलं. वळवाचे टपोरे थेंब पडायला लागले. अम्मी ओरडल्या, "गो मीठवाली, धर, धर!" एका टोकाला त्या, एका टोकाला मी, मधे बांबूला लोंबणाऱ्या माळा, अशा आम्ही घरात पळालो. दारात बांबू आडवा अडकला. मी बाहेर भिजतेय, त्या आत हसतायत, "वरातीत पण एवढी घाई नव्हती तुला." मग माळा चुलीवर टांगल्या. दोन दिवस धूर दिला. पट्टी वाकवून बघायची. ती तडकली पाहिजे, पण तुकडा पडता नये. पट्ट्या तडकल्या. अम्मींनी पत्र्याचा डबा धुऊन उन्हात तापवला, माळा कातरून त्यात भरल्या, झाकण सुतळीने बांधलं. धुराने सगळंच काळं-लाल झालेलं. त्यांना काही दिसलं नाही.

हे गेले त्या सकाळी मी दाराआड उभी होते. डबा यांच्या काखेत होता.

हे गेल्यावर त्या घरात वाचता येणारी मी एकटी. चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले होते. अम्मी सगळ्या आळीत सांगायच्या, "मी सून नाय आणली, पोस्ट आणलंय घरात." पत्र आलं की त्या पाय पुसून पाटावर बसायच्या, डोक्यावर पदर घ्यायच्या, जणू मुलगा समोरच बसलाय. मी वाचायची. उत्तरही त्या सांगतील ते मी लिहायची. त्यामुळे नवऱ्याला मी कितीतरी पत्रं लिहिली आणि एकही लिहिलं नाही. "तुझी अम्मी खुशाल आहे, म्हैस व्याली, छप्पर गळत नाही." शेवटच्या ओळीत अम्मी सांगायच्या, "तुझी बायको पण बरी हाय, लिही." मी लिहायची, तुझी बायको पण बरी आहे.

पहिलं पत्र भर पावसात आलं. पाकीट ओलं होतं. अम्मी पाटावर बसल्या. मी उघडलं आणि आधी डोळ्यांनी पुढे गेले, तशी मला सवय होती. त्यात लिहिलं होतं, "अम्मी, डबा आठव्या दिवशी उघडला. सगळं खवट झालं होतं. चरबी निघाली आत. खोलीतल्या लोकांनी नाक धरलं, मला बाहेर नेऊन टाकावा लागला. एक पट्टी खायला मिळाली नाही. तुम्ही चरबी कशी ठेवली?"

पागोळ्यांचा आवाज येत होता. अम्मी म्हणाल्या, "काय लिवलंय? डब्याचं काय लिवलंय?"

मी वाचलं, "अम्मी, मटण फार चांगलं झालं. खोलीतल्या सगळ्यांनी खाल्लं."

त्यांनी दुवा मागून दोन्ही हात तोंडावरून फिरवले. संध्याकाळपर्यंत अर्ध्या गावाला कळलं की अम्मीच्या हातचं सुकं समुद्रापार पोचलं. "पुढल्या टायमाला दुप्पट देते, लिही," त्या म्हणाल्या. मी लिहिलं. आणि खाली, त्यांनी न सांगितलेली माझी पहिली ओळ लिहिली. पुढच्या वेळी चरबी नसेल. कुणी ठेवली होती ते लिहिलं नाही.

दोन वर्षांनी हे आले. पहिल्याच जेवणाला, मी रोटी वाढत असताना, हे हसत म्हणाले, "अम्मी, तेव्हा तू चरबीसकट पाठवलंस ना? अख्खा डबा टाकला मी. म्हातारी झालीस तू."

माझ्या हातातली रोटी ताटात पडायची ती बाहेर पडली. अम्मींनी आधी यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता संपलं. त्यांनी ती पडलेली रोटी उचलली, झटकली, स्वतःच्या ताटात ठेवली आणि म्हणाल्या, "व्हय रे बाबा. नजर कमी झाली माझी."

मी तिथे उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. आत जाऊन पाणी आणलं.

नंतर भांडी घासताना त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "गप. पत्र वाचताना तुझे कान लाल झालेले. मी तेव्हाच समजली, कायतरी भानगड हाय." मग राखेत हात घालत म्हणाल्या, "चरबी सुकत नाय गो. वरून सुकल्यासारखी दिसते, आतून रडत राहते. तिला ताजी खायची असते, समोर बसून. चल, कढई दे इकडे."

पुढे किती डबे गेले. सगळे पोचले. खोलीतले लोक मागून मागून खायचे. पण हे अजून थट्टा करतात. अम्मींना जाऊन सात वर्षं झाली, तरी दर डब्याला म्हणतात, "अम्मीसारखं नको करू, चरबी बघून घे." आणि मी "हां" म्हणते.

हा "हां" माझा जुनाच आहे. पत्रांनंतर गावात फोनचं बूथ आलं. शुक्रवारी आम्ही दोघी जाऊन बसायचो. अम्मी बोलायच्या, सगळं गाव सांगायच्या, मग रिसीव्हर माझ्या कानाला लावायच्या. हे तिकडून विचारायचे, मी "हां" म्हणायची. "बरी आहेस?" "हां." "मी येतो डिसेंबरात." "हां." बाहेर आल्यावर अम्मी म्हणायच्या, "काय गो, सगळी मिनिटं 'हां'ला घालवलीस? तेवढ्यात मी म्हशीची पण खुशाली सांगितली असती." आता फोनमध्ये तोंड दिसतं. यांची दाढी पांढरी झालेली दिसते, मागे लोखंडी खाट दिसते, खाटेखालची पेटी तीच. तरी मी "हां"च म्हणते.

मशीन लावलं तेव्हा शाहीन दोन दिवस राहायला आली होती. तिने मटण आधी थोडं बर्फात घट्ट केलं, मग पट्ट्या काय सरळ निघाल्या! चरबीचा कण नाही. मी एकेक पट्टी जाळीवर मांडली. सुतळी नाही, दाभण नाही. बटण दाबल्यावर पंख्यासारखी घरघर सुरू झाली आणि उबदार वारा आला. मसाल्याचा तोच वास, पण धुराशिवाय. शाहीन मोबाइल घेऊन आत पडली. मी पाट घेऊन मशीनसमोर बसले. काठी नव्हती हातात, तरी हात राखणीला बसल्यासारखा मांडीवर होता. कुणी ओटीवरून "कावला बघ" म्हणालं असतं तर तोच हलवला असता.

सात तासांनी झाकण काढलं. पट्टी वाकवली. तडकली, तुकडा पडला नाही. शाहीनने एक चावून बघितली, म्हणाली, "अम्मा, पॅकेटवाल्यांपेक्षा भारी. आता तुला ऊन-पाऊस काही नाही, बारा महिने पाठव अब्बांना."

बारा महिने. ती प्रेमाने बोलली. पण मी त्या जाळ्यांकडे बघत बसले. एवढी वर्षं निदान पाऊस होता. पावसात डबा जायचा नाही, हे म्हणायचे, "तुझ्या हातचं खाल्लं नाय किती दिवस," आणि त्यातच यायचं तिकीट काढायचे. आता मशीन आहे. आता यांना तिथेच सगळं पोचेल. कुरकुरीत, कोरडं, वर्षभर टिकणारं. मग अजून एक वर्ष, आणि अजून एक.

काढलेली चरबी ओट्यावर वाडग्यात होती. शाहीन कचऱ्यात टाकायला निघाली. मी म्हटलं, "ठेव." चांगले चांगले तुकडे निवडले, स्वच्छ धुतले, डबीत भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले.

"कशाला?" तिने विचारलं.

"तुझ्या अब्बांना."

"ते कुठे येतायत अम्मा आता?"

ती पेणला गेल्यावर तिच्या जुन्या शाळेच्या वहीतलं पान फाडलं आणि लिहायला बसले. अक्षर अजून चौथीतलंच आहे. चार वेळा लिहिलं. शेवटी एवढंच ठेवलं:

"त्या वर्षी चरबी अम्मींनी ठेवली नव्हती. मी ओवली होती. तुम्ही ती शेवटी खाता, ते मी बघत होते. अम्मींची नजर शेवटपर्यंत चांगली होती. सुकं मटण झालं आहे, डबा भरून घरात ठेवला आहे. पाठवत नाही. चरबीही ठेवली आहे. ती सुकत नाही. तिला ताजी खायची असते, समोर बसून. तुमची बायको बरी नाही."

शेवटची ओळ खोडावी का, असा खूप वेळ विचार केला. नाही खोडली.

शुक्रवारी हनीफभाई निघायच्या आधी आले. दारातूनच म्हणाले, "भाभी, डबा द्या, जागा ठेवलीय बॅगेत."

"डबा नाय," मी म्हटलं. "चिठ्ठी हाय."

त्यांनी घडी केलेला कागद उलटसुलट बघितला. "एवढीच?"

"एवढीच."

"वजन वाचलं माझं," ते हसले. "पण तिकडे खोलीवाले मला मारतील."

त्याला दहा दिवस झाले. या दहा दिवसांत फोन आले, इकडचं तिकडचं झालं, चिठ्ठीचं नाव नाही. मला वाटलं रागावले. मला वाटलं हनीफभाईंकडून हरवली. ट्रक गेला की खिडकीची काच हलायची, तिकडे बघत बसायची. काल संध्याकाळी परत फोन आला. तोंड दिसत नव्हतं, यांनी कॅमेरा छताकडे केला होता. नुसता पंखा फिरताना दिसत होता.

मग म्हणाले, "चिठ्ठी वाचली."

मी फोन दोन्ही हातांनी धरला.

"अम्मी तेव्हा माझ्यासमोर म्हणाली, नजर कमी झाली," हे म्हणाले. मग पुन्हा पंखाच.

आयुष्यात पहिल्यांदा मी आधी विचारलं. "कधी येता?"

"हां," हे म्हणाले.

"घरात पाणी शिरेल, उपसायचा पंप बसवायचा हाय, पाऊस तोंडावर आला. तुम्ही येता का?"

"हां."

"काय ओ," मी म्हटलं, "सगळी मिनिटं 'हां'ला घालवताय?"

तिकडून आवाज आला तो हसण्याचा होता की कसला, कळलं नाही. पंखा हलला, छत गेलं, यांची पांढरी दाढी दिसली, डोळे खाली.

"ती ठेवलीस अजून?" यांनी विचारलं.

"ठेवलीय. बर्फात हाय. पण इकडे पावसात लाईट जाते, दोन दोन दिवस येत नाय. फार टिकायची नाय ती."